नानांच्या वहीतला मताचा रकाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या भाजी मंडईबाहेर पत्रकं वाटत होते. हातात गठ्ठा, खांद्याला झोळी, आणि समोर एक गृहस्थ, जे आमचं पत्रक घेऊन त्यात मिरच्या बांधायला निघाले होते. त्यांच्याशी भांडण अगदी रंगात आलं होतं, तेवढ्यात काकींचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, फोन. "बाय, नाना गेलं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी रडले नाही. मी विचारलं, "कोणामुळे? ॲम्ब्युलन्स उशिरा आली का? दवाखान्यात घेतलं नाही का?" डोक्यात मथळासुद्धा जुळायला लागला होता. काकी पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "नाय गो. कोनाचा काय चुकला नाय. सकाली चा पिला आनि गेलं..." मी गठ्ठा घेऊन तशीच उभी. एवढी मोठी गोष्ट घडली होती आणि चिडायला कुणी सापडत नव्हतं. त्या मिरच्यावाल्या गृहस्थांनीच मला कडेच्या ओट्यावर बसवलं आणि पाणी दिलं. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हाच गेला, हे इथे नोंदवते.

नाना बदलापूर गावातले, आगरी घरातले. वडील भातशेतीवाले, नानांनी आयटीआय केलं आणि अख्खी नोकरी आनंदनगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काढली. तापमानाचे, दाबाचे काटे खरं बोलतात की खोटं हे तपासणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं आणि गावातले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. पाटी नाही, जाहिरात नाही. दारासमोर कुणी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून उतरलं की शेजारी ओळखायचे, नानांकडे पेशंट आला.

माझी त्यांची पहिली भेट पत्रकावरूनच झाली. पाण्याच्या प्रश्नावर आम्ही गावात घरोघर फिरत होतो. नानांनी पत्रक घेतलं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "वाचतो." पुढच्या विषयाचं पत्रक दिलं, तेव्हाही, "वाचतो." मला असली माणसं आवडत नाहीत. पटलं तर पटलं म्हणा, नाही तर भांडा. हे "वाचतो" काय? दोन वर्षांत मी त्यांना किती पत्रकं दिली असतील देव जाणे. एकावरही त्यांनी कधी काही म्हटलं नाही. मी नाव ठेवलं होतं, कुंपणावरचे नाना. त्यांनी माझं ठेवलं होतं, पत्रकवाली. हे काकींनी नंतर सांगितलं.

आमच्या संघटनेचं कार्यालय बेलवलीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. गिरणी सुरू झाली की टेबलावरचे पेन आपोआप कडेला चालत जातात. तिथे आमचा एक जुना डेस्कटॉप. त्यात एक छोटी डिस्क, जिच्यावर कॉम्प्युटर चालायचा, आणि एक दुसरी मोठी डिस्क, जिच्यावर आमचं सगळं. सगळं म्हणजे काय? बारवी धरणाच्या वरच्या अंगाला उंबरवाडी नावाचा ठाकर आदिवासींचा पाडा आहे. वाडीची माणसं पिढ्यान् पिढ्या जो डोंगरउतार कसतात, त्याच्या वनहक्काचा दावा आम्ही त्यांच्या बाजूने दाखल केला होता. कागद त्यांच्याकडे फारसे नाहीतच. म्हणून आम्ही वाडीतल्या सात म्हाताऱ्या माणसांना शेताच्या बांधावर नेऊन व्हिडिओवर जबाब घेतले होते. त्यातला मुख्य जबाब सोमीआजीचा. आजीने काठी टेकत अख्खी हद्द चालून दाखवली होती, हे आंब्याचं खोड, हा कातळ, इथे माझ्या बापाने बांध घातला... त्यानंतरच्या पावसाळ्यात सोमीआजी गेली. तिचं बोलणं आता फक्त त्या दुसऱ्या डिस्कवर होतं. आणि सुनावणीला आठ दिवस उरले असताना डिस्क टक-टक करायला लागली.

आधी फोल्डर उघडायला वेळ लागायचा. मग चालू कामात डिस्क पडद्यावरून गायबच व्हायची आणि कॉम्प्युटर बंद करून लावला की परत यायची, जणू मध्येच बाजारात जाऊन आली. मग कॉम्प्युटरने विचारलं, डिस्क तपासून दुरुस्त करू का? मी म्हटलं, कर. तो दिवसभर एकाच आकड्यावर अडकून बसला. शेवटी मी वायर उपटली. माझी खात्री होती की हा घातपात आहे. उंबरवाडीच्या खालच्या जमिनीवर एका प्लॉटवाल्याचा डोळा होता, आणि त्याचा माणूस आदल्याच आठवड्यात "सहज" म्हणून कार्यालयात येऊन चहा पिऊन गेला होता. आणखी काय पुरावा हवा? मी बसल्या बैठकीत पत्रक लिहिलं, "आदिवासींच्या पुराव्यांवर भ्याड डिजिटल हल्ला!" छापायला देणार, तोच गिरणीवाल्या मावशी खालून ओरडल्या, "अगं, आधी गावातल्या नानांना तरी दाखव!"

डबा मांडीवर घेऊन मी रिक्षाने बदलापूर गावात गेले. नानांनी डबा टेबलावर ठेवला, पण हात लावला नाही. एक लांबट वही काढली. तिच्यात तीन रकाने आखलेले, 'तारीख', 'काय दिसला', 'मत'. मी खिशातून पत्रक काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकलं, अगदी शेवटच्या तीन उद्गारचिन्हांपर्यंत.

"झाला?"

"झालं. आता बोला, हल्ला आहे की नाही?"

"ह्या सगला मत झाला बाय. मत नको. काय दिसला ता सांग."

मला काय दिसलं ते मी सांगू लागले आणि तिसऱ्याच वाक्यात अडकले. कारण "डिस्क मुद्दाम बिघडवली" हे दिसलं नव्हतं, "तो माणूस संशयास्पद होता" हेही दिसलं नव्हतं. दिसला होता एक माणूस, बिस्कीट चहात बुडवताना. नाना विचारत राहिले. पहिल्यांदा कधी गायब झाली? चालू केल्यावर किती वेळाने? सकाळी की दुपारी? आवाज आधी की गायब आधी? एकेक गोष्ट ते लिहीत होते. अर्ध्या तासाने लक्षात आलं की डिस्क नेहमी चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनीच जाते, आणि दुपारी लवकर जाते. मी रोज तिच्यासमोर बसत होते आणि मला हे माहीत नव्हतं. "आनि काय?" त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. "आनि काय?" काही नाही हो नाना. तिसऱ्यांदाही त्यांनी तेच विचारलं आणि तिसऱ्यांदाही मी तेच सांगितलं. ते कशाची वाट पाहत होते ते मला नंतर कळलं.

मग एक प्रश्न, ज्याची मला धास्ती होती.

"याची दुसरी कॉपी कुठं हाय?"

"हीच दुसरी कॉपी. बॅकअप म्हणून मोठ्या डिस्कवर टाकली होती."

"मंग पयली?"

"पहिली काढून टाकली. छोट्या डिस्कवर जागा नव्हती ना... कट करून पेस्ट केलं."

नाना माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसायला लागले की काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आयकलास काय गो," ते काकींना म्हणाले, "ही बोलते दुसरी पोरगी सांभालून ठेवलीय. पयली जन्मालाच नाय घातली!" काकीही हसल्या. मीही हसले असते, पण माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच काही आलं होतं. कचेरीत दाव्याची एखादी फाइल सापडेना झाली की मी बाहेर घोषणा देते, पत्रक काढते, "फाइल गहाळ करणाऱ्यांचा धिक्कार असो." आणि इथे वाडीची अख्खी फाइल मी स्वतःच्या हाताने एकाच टोपलीत घालून गिरणीच्या डोक्यावर नेऊन ठेवली होती.

त्यानंतर नानांनी झाकण उघडलं. आतून पिठाचा थर निघाला. "भाकरी थापायला झाली," ते म्हणाले. ब्रशने साफ करून कामाला लागले, आणि इथे त्यांचा दुसरा नियम: एका वेळी एकच बदल. मी अधीर झाले होते. केबल बदला, वायर बदला, सगळं एकदम बदलून टाका ना! "सगला बदललास आनि चालू झाला, तं कशानं चालू झाला ता कसा कलल?" त्यांनी आधी दुसरी डिस्क फक्त काढून ठेवली. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. म्हणजे बाकी घर ठीक, भांडण हिच्याच बाजूला. ती परत जोडून फक्त डेटाची केबल बदलली. वीस मिनिटांनी टक-टक. जुनी केबल परत लावली, फक्त विजेची जोडणी बदलली. पुन्हा टक-टक. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ. मला वाटलं, आमच्या संघटनेत एक आंदोलन फसलं की आम्ही मागण्या, घोषणा, जागा, वक्ते सगळं एकदम बदलतो, आणि मग दहा वर्षं तावातावाने भांडतो की नेमकं कशामुळे फसलं होतं.

शेवटी त्यांनी डिस्कवर तळहाताची मागची बाजू टेकवली, जशी तापात कपाळाला टेकवतात. मग माझा हात धरून टेकवला. तवा होता तो! "पंखा तं फिरतो," म्हणत त्यांनी स्क्रू सोडवायला घेतले. चार जागांवर दोनच स्क्रू होते. डिस्क खोबणीतून बाहेर ओढली, आणि तिच्या मागून, बरोबर पंख्याच्या तोंडावरून, कागदाची एक जाड घडी टेबलावर पडली. आठपदरी. कडा पिवळ्या पडलेल्या. नानांनी ती हळूच उलगडली. "जागे व्हा, बदलापूरकर!" आमचं पत्रक... आणि त्याच क्षणी मला आठवलं. गिरणीच्या हादऱ्याने डिस्क खडखडायची. मीटिंगमध्ये त्रास व्हायचा, म्हणून आदल्या दिवाळीच्या सुमारास मीच डबा उघडून उरलेल्या पत्रकांची घडी पाचर म्हणून ठोकली होती. खडखड थांबली आणि मी विसरून गेले. घातपात झालेलाच होता. करणारी मी होते.

आता बोलतील, मी वाट पाहिली. नानांनी ती घडी व्यवस्थित बाजूला ठेवली आणि वहीत लिहिलं, "पंख्यासमोर कागद." कोणी ठेवला, हे लिहिलं नाही. मीच म्हटलं, "नाना, मी ठेवला." ते म्हणाले, "हां. ताच आयकायचा होता." आणि पुढच्या कामाला लागले.

मग त्यांनी मला शिस्तीत एक गोष्ट शिकवली, जी मी आता भेटेल त्याला सांगते. आजारी डिस्कला आधी दुरुस्त करायला जायचं नाही. आधी तिच्यात जे आहे ते बाहेर काढायचं. कॉम्प्युटर "दुरुस्त करू का" म्हणाला की आपण "कर" म्हणतो. तो मरायला टेकलेल्या माणसाला कवायत करायला लावतो. त्यांनी डिस्क लाकडी पाटावर ठेवली, समोर टेबलफॅन लावला, आपल्या मशीनला जोडली आणि पेनड्राइव्हवरून एक वेगळीच सिस्टीम चालू केली, जी डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त वाचते, आणि खराब जागा आली की तिथे डोकं न आपटता पुढे जाते. पडद्यावर डिस्कची स्वतःची नोंद आली. डिस्क आपल्या दुखण्याची नोंद आपणच ठेवते हे मला माहीत नव्हतं. किती तास चालली, किती तापली, किती जागा निकामी झाल्या. "बग," नाना खूश होऊन म्हणाले, "ही पन मत बोलत नाय."

कॉपी घ्यायला नवी डिस्क हवी होती. जुनी थंड होईपर्यंत त्यांनी मला उल्हासनगरला पिटाळलं, त्यांच्या ओळखीच्या एका सिंधी दुकानदाराकडे. मी नानांचं नाव घेताच शेठ काउंटरवरून अर्धे बाहेर आले. "नाना ने भेजा? आओ साईं, बैठो! आपका भी बयान लिखा क्या उन्होंने?" मी म्हटलं, लिहिलं. "मेरा भी लिखा था. दुकान का प्रिंटर बंद, मैं बोला कंपनी चोर है, कंपनी चोर है. नाना बोले, सेठ, पहले दिखाओ तो सही. ट्रे में मेरा ही चश्मा निकला!" त्या हसण्यात अख्खं दुकान सामील झालं. मी डिस्क घेऊन परतले तेव्हा माझा अपराधीपणा अर्ध्यावर आला होता. या वहीत मी एकटी नव्हते.

वाचन सुरू करायच्या आधी नानांनी विचारलं, "हिच्यात जीव किती हाय म्हायती नाय. पयला काय काढू?"

मी तयारच होते. "ते 'महत्त्वाचे' नावाचं फोल्डर आहे ना, ते आधी."

"त्याच्यान काय हाय?"

"भाषणं. मोर्चांचे फोटो. सगळ्या पत्रकांच्या फाइली."

"आनि सुनावनीला काय लागल?"

"वाडीचे जबाब."

"त्या कुठं हायत?"

नानांनी स्वतःच यादी खाली सरकवली. सात म्हाताऱ्या माणसांचे जबाब ज्या फोल्डरमध्ये होते त्याचं नाव होतं 'इतर'. नाव मीच दिलेलं. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तेवढंच. मी म्हटलं, "इतर आधी." आणि खरं सांगते, त्या दोन शब्दांएवढं कमी आणि बरोबर मी आयुष्यात बोलले नव्हते.

दोन दिवस आम्ही तिघं त्या पाटाभोवती बसलो. वीस मिनिटं वाचायचं, टक ऐकू आली की बंद, मग अर्धा तास विश्रांती. विश्रांतीत काकींचा चहा. सहा जबाब नीट आले. सोमीआजीचा मात्र एका ठिकाणी अडायचा. नाना धीर सोडत नव्हते आणि मला सोडू देत नव्हते. अशाच एका विश्रांतीत मी विचारलं, ही वही कुठून आली? तेव्हा त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. एकदा एक यंत्र भलत्या वेळी बंद पडलं, माल खराब झाला. जो तो म्हणाला, मागच्या पाळीतल्या माणसाचं काम. बघितलं कुणीच नव्हतं, पण सगळ्यांचं मत एक झालं आणि त्या माणसाला घरी पाठवलं. आठवड्याने नानांना एका काट्याच्या मागे सैल वायर सापडली. "मी धावत जाऊन सायबाला दावली. सायेब बोलला, बरा झाला. पन तो मानूस परत आला नाय बाय. त्याला कुनी बोलवलाच नाय." त्यांनी वहीवर हात ठेवला. "माझा पन मत ताच होता तवा."

त्यानंतर सातव्या की आठव्या खेपेला सोमीआजीची फाइल पूर्ण उतरली. आम्ही लगेच लावून पाहिली. एका जागी चित्राचे चौकोन चौकोन होऊन दोन सेकंद फाटतं, नेमकी आजी हसते तिथे. बाकी सगळं शाबूत. आंब्याचं खोड, कातळ, बापाचा बांध. काकींनी पडद्यालाच नमस्कार केला. नानांनी आधी जबाबांची आणखी एक कॉपी केली आणि मगच चहा घेतला. माझी भाषणं? 'महत्त्वाचे' फोल्डर उघडायच्या आतच डिस्कने प्राण सोडला. एकही भाषण वाचलं नाही. एवढ्या दिवसांत कुणी विचारलेलंही नाही.

सुनावणीला माझं लांबलचक निवेदन तयार होतं. ते पिशवीतच राहिलं. मी प्रोजेक्टरवर जबाब लावले. सोमीआजी भिंतीवर चालायला लागली तेव्हा टेबलापलीकडचे साहेब फाइल बाजूला सारून बघत राहिले. त्यांनी विचारलं, हद्दीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? माझ्या जिभेवर सव्वाशे वर्षांच्या अन्यायाचा इतिहास आला होता. मी म्हटलं, "आजींनी जो कातळ दाखवला तो आम्ही प्रत्यक्ष पाहिलाय. नकाशावर खूण केलीय. तुम्हीही चला बघायला." आणि बसले. शेजारी बसलेला वाडीचा गंगाराम कानाशी येऊन काळजीने म्हणाला, "ताई, आज बरं वाटत नाय का तुम्हाला?" साहेब आले, कातळ पाहिला. काही महिन्यांनी दावा मंजूर झाला. तेव्हापासून वळवाच्या दिवसांत वाडीची माणसं नानांच्या दारात शेवळं ही रानभाजी घेऊन हजर व्हायची, बरोबर काकडं नावाची आंबट फळं, भाजी खाजू नये म्हणून. काकी ती अशी करायच्या की नाना जेवताना मतसुद्धा द्यायचे.

मी काही बदलून गेले असं समजू नका. माझा आवाज अजून मोठाच आहे आणि ज्यांनी तो ऐकायला हवा ते अजून बहिरेच आहेत. पण कुठल्याही प्रश्नावर उसळले की पत्रक लिहिण्याआधी नानांकडे जायची सवय लागली. ते वही पुढे ओढायचे. निम्म्या वेळा माझं प्रकरण त्या मधल्या रकान्यात टिकायचं नाही. उरलेल्या निम्म्या वेळा जे टिकायचं, ते मात्र कुणाला खोडता आलं नाही. पत्रक छापून झालं की पहिलं नानांना. आणि ते? "वाचतो."

तेरावं झालं त्यानंतर आठवड्याभराने काकींचा फोन आला. "बाय, नानांचा डबा मुका झालाय गो. मना माजं धवलं आयकायचं." आमच्या काकी लग्नात धवले म्हणतात, हळदीपासून वरातीपर्यंतची गाणी त्यांना तोंडपाठ. नानांनी गेल्या काही वर्षांत ती एकेक करून रेकॉर्ड केली होती. कुठे ठेवली होती? त्यांच्या कॉम्प्युटरच्या दुसऱ्या डिस्कवर.

मी तशीच निघून गावात गेले. टेबल भिंतीला सरकवलेलं, डबा लखलखीत पुसलेला. काकी म्हणाल्या, "तो रुसलाय. त्यांच्याबगर नाय चालायचा."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काकी, मत नको. काय दिसलं ते सांगा."

काकींनी माझ्याकडे रोखून पाहिलं... आणि त्या हसल्या. नाना गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. मग हातवारे करत सगळं क्रमाने सांगितलं. "पावने आलं. गाद्या घालायच्या म्हनून टेबल सरकवला. डबा पुसला. पुढून पुसला, मागून पुसला, भोका पुसली. आज बटन दाबला तं ना दिवा ना आवाज." मागून कुठे कुठे फडकं फिरलं ते मी त्यांनाच करून दाखवायला सांगितलं. त्यांचा अंगठा वायरीच्या शेजारच्या काळ्या बटणावरून गेला. बंद होतं. ते दाबलं, मग पुढचं. पंखा गरगरला. त्याच्यामागून दुसरी डिस्क फिरायला लागली, एकही टक न करता.

काकींनी स्वतः माउस घेतला आणि पहिली फाइल लावली. गाण्याच्या आधी दोन क्षण शांतता, आणि मग नानांचा आवाज, अगदी जवळून: "हां गो. झाला चालू. आता लाजू नको." प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला नाना असेच काही तरी बोललेले आहेत. काकी एकामागून एक लावत होत्या, नुसत्या सुरुवाती, आणि डोळे पुसत हसत होत्या. मी आधी सगळ्याची कॉपी केली. एक नाही, दोन. कट नाही केलं, नाना.

निघताना मी वही मागितली. डबा दुरुस्त झाला म्हणजे नोंद व्हायला हवी. पानं उलटताना माझं पान आलं. त्यांच्या बारीक अक्षरात 'काय दिसला'च्या सगळ्या ओळी, आणि त्या पानाला टाचणीने लावलेली ती आठपदरी, पिवळी पडलेली घडी. 'मत' हा रकाना ते काम संपल्यावर भरायचे; मी तो भरलेला कधी पाहिलाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, "कागद काढला. डिस्क गेली, जबाब वाचले. पत्रक पन वाचला. आजवरचे सगले वाचले. खरा लिवते. लांब लिवते."

मी ते काकींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग काय! रोज जेवताना वाचून दावायचे मना."

शेवटच्या नोंदीखाली मी तारीख घातली. मधल्या रकान्यात काकींनी जसं सांगितलं तसं सगळं उतरवलं, पाहुणे, गाद्या, फडकं. मग तिसऱ्या रकान्याशी पेन अडलं. तिथे लिहिण्यासारखं माझ्याजवळ केवढं तरी होतं, नाना माझे कोण होते इथपासून. काकी पलीकडून म्हणाल्या, "लिव की."

मी लिहिलं, "बटण बंद होतं."

बघा नाना. तीनच शब्द.